शंभर किलो कुणाचे?

बेचाळिसाव्या वर्षी जिम लावली. भिंतीवर फळा होता, शंभर किलोची बैठक मारणाऱ्यांची नावं. म्हटलं, दिवाळीपर्यंत आपलंही नाव लागलं पाहिजे. आकडा ठरला, फक्त गुडघ्याला विचारायचं राहिलं! ८५ किलोला कळ आली ती अशी, की पुढचे दोन महिने कठडा धरून जिना चढत होतो.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी किती उचलायचंय हे विचारलंच नाही. म्हणाल्या, "दादा, न दुखता दहा वेळा उचलता येईल, पण अकराव्यांदा नाही, असं वजन आधी शोधूया."

ही पद्धत आली कुठून म्हणून वाचायला घेतलं, तर गोष्ट थेट दुसऱ्या महायुद्धात गेली.

शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे जायबंदी झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत. त्या काळचा रिवाज म्हणजे हलकं वजन, पुष्कळ वेळा. तिथे थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. लहानपणी तापाने अंथरुणाला खिळलेला, नंतर वजनं उचलून शरीर कमावलेला. त्याने उलटं केलं. सैनिकाच्या पायात लोखंडी बूट घातला, त्याला वजन जोडलं. किती वजन, हे डॉक्टर ठरवत नव्हता. ज्याचा पाय, त्याचा आकडा. दहा वेळा जेमतेम जमेल ते आजचं वजन, आणि आठवड्याने पुन्हा तपासायचं. १९४५ साली त्याने हे छापून जाहीर केलं.

मला सगळ्यात आवडली ती पुढची गोष्ट. आधी तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घ्यायचा. १९४८ पर्यंत त्याच्या आणि डॉ. वॉटकिन्सच्या लक्षात आलं, एवढ्याची गरज नाही. मग तीनच सेट ठेवले: निम्मं वजन, पाऊण वजन, पूर्ण वजन. म्हणजे ज्याची मर्यादा २० किलो, त्याने १०, १५ आणि २०. स्वतःचाच मोठा आकडा त्याने सोडून दिला. आपल्याला जमतं का हे?

आकडा वाईट नसतो हो. भरतीला गोळा किती लांब जायला हवा हे सरकार ठरवतं, ते पोरांच्या हातात नाही. पण तिथवरची पहिली पायरी आपल्या आजच्या ताकदीवरूनच मोजावी लागते, शेजारच्या पोराच्या नाही. पहाटे मैदानावर पोरं दुसऱ्याचा आकडा गाठायला जीव काढताना दिसतात, तेव्हा माझाच गुडघा आठवतो.

मी १२ किलोपासून सुरुवात केली. आज ४० वर आहे. फळ्यावर नाव नाही, पण जिना कठडा न धरता चढतो.

जिमवाल्यांना एकच विनंती. फळ्यावर नावापुढे त्याचा मागच्या महिन्याचा आकडाही लिहा. १२ वरून १५ वर आलेल्यालाही टाळ्या मिळू द्या.

तुमचं 'दहा वेळेचं वजन' किती? कधी तपासलंय?