वासाबी, सासव आणि बडोद्याची फेसलेली मोहरी

जपानी जेवणातील वासाबी हा पदार्थ आता आपल्याकडेही नावाने तरी सर्वांना ठाऊक झाला आहे. सुपरमार्केटमध्ये हिरव्या वाटाण्यांच्या पाकिटावर त्याचे नाव असते, मोठ्या हॉटेलांत सुशीच्या ताटलीत कोपऱ्यात हिरवा गोळा असतो, आणि तरुण मुले तो एकमेकांना पैजेवर खायला घालतात. पण हिरव्या गोळ्याच्या नावाखाली आपण जे खातो ते बहुधा वासाबी नसतेच. ते काय असते याचा शोध घेत गेलो, तर वाट जपानहून निघून बडोद्याच्या एका मराठी स्वयंपाकघरातून आपल्या गोव्याच्या रगड्यापाशी येऊन पोचते. ती वाट आज वाचकांबरोबर चालावी म्हणतो.

आधी खऱ्या वासाबीविषयी. मोहरी, मुळा, कोबी यांच्याच कुळातील ही वनस्पती. थंड, वाहत्या, स्वच्छ झऱ्याच्या पाण्यात ती वाढते आणि तिचा जाडसर कंद तयार व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. जपानच्या दहाव्या शतकातील ग्रंथांत तिचा उल्लेख आहे. शिझुओकाजवळच्या उतोगी या डोंगरी गावात सुमारे चारशे वर्षांपूर्वी तिची लागवड सुरू झाली असे सांगतात. तोकुगावा इएयासु हा शोगुनपदावरून निवृत्त झाल्यावर 1607 मध्ये तिथल्याच सुन्पु किल्ल्यात राहायला आला आणि त्याला ती फार आवडली, अशी तिकडची कथा आहे. डोंगरउतारावर दगड-वाळूचे थर रचून त्यांतून झऱ्याचे पाणी खेळवण्याच्या तिथल्या पद्धतीला 2018 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने शेतीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

हा कंद नुसता हुंगला तर त्याला फारसा झणका नसतो. शार्कच्या खरखरीत कातड्याच्या किसणीवर तो गोल गोल किसला की मग तिखटपणा जन्माला येतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत उडूनही जातो. म्हणून चांगल्या ठिकाणी तो गिऱ्हाइकासमोर किसतात. इतकी मेहनत आणि इतका अल्पजीवी गुण असल्यामुळे तो महाग असणारच. त्यामुळे जपानमध्येसुद्धा आणि बाहेर तर सर्रास, हॉर्सरॅडिश नावाच्या युरोपीय मुळाची पूड, मोहरीची पूड आणि हिरवा रंग यांचे मिश्रण वासाबी म्हणून वाढले जाते. म्हणजे पाहुणा म्हणून जो पदार्थ आपल्या घरी येतो, त्याच्या पिशवीत आपल्याच घरातली मोहरी असते.

ही बदली चालते, कारण दोघींच्या झणक्याचे कारण एकच आहे. वासाबीत, हॉर्सरॅडिशमध्ये आणि मोहरीत सिनिग्रिन नावाचे द्रव्य असते. त्याच पेशींच्या शेजारी, पण वेगळ्या खोलीत, मायरोसिनेज नावाचे विकर असते. दाणा फुटला, पाणी मिळाले की मधली भिंत पडते, दोघे भेटतात आणि अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट हे उडून जाणारे तेल तयार होते. आपल्या देशी राईत सिनिग्रिनबरोबर त्याचाच भाऊबंद ग्लुकोनॅपिनही भरपूर असतो आणि तोही असेच तिखट तेल देतो. किडे आणि गुरे यांच्यापासून झाडाने केलेला हा बंदोबस्त आहे. आपण मात्र त्याची चटणी केली!

मिरचीचा तिखटपणा आणि मोहरीचा तिखटपणा यांत जो फरक आपल्याला जाणवतो त्याचे उत्तरही इथेच आहे. मिरचीतले कॅप्सायसिन उडत नाही. ते जिभेवर बसते आणि रेंगाळते. मोहरीचे तेल वाफ होऊन थेट नाकात चढते, डोळ्यांत पाणी आणते आणि क्षणात ओसरते. शरीरात या दोघांचे दरवाजेही निराळे. मिरचीचा दरवाजा डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधला. मोहरीचे तेल कोणत्या दरवाजाने शिरते ते 2004 मध्ये स्पष्ट झाले. ज्युलियस यांना पुढे 2021 मध्ये आर्डेम पाटापुटियन यांच्यासह नोबेल मिळाले.

आता बडोदे. माझी थोरली बहीण लग्न होऊन बडोद्याला गेली. तिचे सासर दांडिया बाजारातले, गायकवाडीत नोकरीला म्हणून आलेल्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. कचेरीतून रजा मिळेल तसा मी तिच्याकडे जात असे. घरात नातवंडे आपसांत गुजराती बोलत, पण पानात डावीकडे जी कोशिंबीर पडे ती पक्की मराठी. बहिणीच्या सासूबाई काकडीच्या आणि केळ्याच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून लावत. मोहरीची बारीक पूड, चिमूटभर मीठ, थोडे थंड पाणी आणि मग वाटीत बोटांनी सपासप फेटायचे. मी एकदा विचारले, "काकू, झाली हे कळते कसे?" त्या म्हणाल्या, "भाऊ, वाटी नाकाशी न्या. डोळ्यांत पाणी आले की झाली. नाही आले तर अजून कडूच आहे."

या एका वाक्यात सगळे रसायनशास्त्र आले आहे. आधी कडू लागते, कारण सिनिग्रिन फुटलेले नसते. फेटत राहिले की विकराला वेळ मिळतो. पाणी थंडच हवे, कारण उकळत्या पाण्याने विकर मरते आणि मोहरी कडूच राहते. फोडणीत आपण रोज मोहरी घालतो तरी ती कधी नाकात का जात नाही, याचेही कारण तेच: गरम तेलात विकर आधीच संपते, उरतो तो फक्त खमंगपणा. दही किंवा लिंबू शेवटी घालायचे, कारण आंबट आधी पडले तर काम मंदावते. पण झणका तयार झाल्यावर घातले तर तोच आंबटपणा त्याला धरून ठेवतो. काकूंनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. त्यांच्या आईने त्यांना नाकाने शिकवले होते.

या मराठी चवीला बडोद्यात मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकात गायकवाडांचा अंमल बसला तेव्हापासून मराठी माणसे तिथे गेली. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या काळात (1875 ते 1939) तर बडोदे हे मराठीचे मोठे ठाणे झाले. मराठी साहित्य संमेलने तिथे 1909, 1921 आणि 1934 मध्ये भरली. मधल्या 1930 च्या संमेलनाचा मान आपल्या मडगावला मिळाला होता आणि अध्यक्ष होते वामन मल्हार जोशी. माझ्यासारख्या कारकुनाला विशेष वाटते ते 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' या 1931 च्या कोशाचे. राज्यकारभारातील शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली प्रतिशब्द देणारा तो खटाटोप एका संस्थानाने केला. शब्द हीसुद्धा मालमत्ता आहे, तिची नोंद ठेवली पाहिजे, हे त्या राजाला कळत होते.

1909 च्या बडोदे संमेलनाचे अध्यक्षही आपल्या विषयाशी नाते सांगणारे निघाले. ते होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने लष्करी डॉक्टर आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी व बामनदास बसू यांनी भारतीय औषधी वनस्पतींवर लिहिलेला प्रचंड ग्रंथ कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर, 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी साहित्याच्या व्यासपीठावर झाडपाल्याचा जाणकार अध्यक्ष म्हणून बसतो, यात त्या काळाला काही विचित्र वाटले नाही.

झाडपाल्याचा विषय निघालाच आहे तर शेवग्याबद्दल सांगितले पाहिजे. इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिशचे झाड म्हणतात. हिंदुस्थानातल्या साहेबांना भाजलेल्या गोमांसाबरोबर घरचे हॉर्सरॅडिश मिळेना, तेव्हा त्यांच्या खानसाम्यांनी शेवग्याचे मूळ किसून तसाच झणका काढला. म्हणजे जपानी वासाबीला हॉर्सरॅडिशची बदली आणि हॉर्सरॅडिशला शेवग्याची! मात्र हा प्रयोग कुणी घरी करू नये. शेवग्याच्या मुळात, विशेषतः सालीत, विषारी द्रव्ये असतात. शेंग आणि पाला आहे तेवढे पुरे. पिकलेल्या पपईतली काळी बी चावून पाहा, तिथेही हाच झणका भेटेल. शेवगा आणि पपई ही मोहरीची दूरची भावंडेच आहेत.

आता आपल्या घराकडे वळू. गोव्यात मोहरीला आपण सासव म्हणतो आणि तिच्यापासून होणाऱ्या पदार्थालाही सासवच. आंबाड्यांचे सासव, घोटांचे सासव, अननसाचे सासव. ओले खोबरे, मिरची, गूळ आणि कच्ची सासवां रगड्यावर वाटायची आणि ते वाटण फळाला लावायचे. आमची आई वाटण शेवटी घाली आणि नंतर कढ येऊ देत नसे. "कढ आला की सासवाचा जीव जातो," असे ती म्हणे. काकूंचे थंड पाणी आणि आईचा न आणलेला कढ ही एकच विद्या आहे. एकीने ती तापीच्या पलीकडे सांभाळली, दुसरीने मांडवीच्या काठी.

आणि ही विद्या मिरचीपेक्षा जुनी आहे, हे विसरू नये. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली. त्याआधी आपल्या पूर्वजांचे तिखट म्हणजे मिरी, आले, पिंपळी आणि मोहरी. सिंधू संस्कृतीतील चन्हुदारो येथे मोहरीचे दाणे सापडले आहेत. संस्कृतात राईला राजिका म्हणतात आणि आसुरीही म्हणतात. बुद्धाने किसा गोतमीला मृत्यू न पाहिलेल्या घरातून आणायला सांगितले ते मूठभर मोहरीचेच दाणे, कारण ती प्रत्येक घरात असणार हे गृहीत होते. आजही मुलाची दृष्ट आपण मीठ-मोहरीनेच काढतो.

पौष्टिकतेचे विचाराल तर डोके थंड ठेवून बोलावे. 100 ग्रॅम ताज्या वासाबीत सुमारे 42 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, जवळपास 8 ग्रॅम तंतू आणि 128 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण खातो कोण 100 ग्रॅम? पाच ग्रॅममागे क जीवनसत्त्व पडते दोन मिलिग्रॅम. मोहरीच्या दाण्यांत वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकी प्रथिने आणि सेलेनियम भरपूर, पण तीही आपण चमचाभरच घेतो. खरा उपयोग त्या उडणाऱ्या तेलाचा. ते जंतूंची वाढ रोखते. म्हणून जपान्यांनी ते कच्च्या माशाजवळ ठेवले आणि आपण ते लोणच्यात घातले. आपले मिस्कूट असो की बडोद्याच्या बाजारात मिळणाऱ्या मोहरीच्या डाळीत मुरवलेल्या मिरच्या असोत, धर्म एकच. खऱ्या वासाबीतल्या आणखी एका द्रव्याने साठीपुढच्या माणसांची स्मरणशक्ती थोडी सुधारल्याचे जपानमधील 2023 च्या एका अभ्यासात आढळले. पण माणसे होती अवघी 72, तेव्हा त्यावर घर बांधू नये. आणि अति तिथे माती आहेच. 2019 मध्ये इस्राएलमधल्या एका बाईंनी वासाबीला अव्हाकाडोची चटणी समजून चमचाभर खाल्ली आणि हृदयावर ताण येऊन त्यांना इस्पितळ गाठावे लागले.

मला खरी काळजी वाटते ती निराळीच. काकू गेल्या. बहिणीच्या सुनेला कोशिंबीर आवडते, पण ती मोहरीची फोडणी देते. आमच्या घरीही सासव आता चतुर्थीला आणि एखाद्या लग्नात, तेही आचारी कढ आणूनच देतो. पदार्थ नावाने उरतो, पण नाकात जात नाही. आणि मोहरी फेसायचीच नाही म्हटल्यावर 'फेसणे' हा शब्द तरी किती दिवस राहणार? दुसऱ्या भाषेत वाटणे, कुटणे, घुसळणे सगळे सापडते. झणका उठेपर्यंत फेटायचे, एवढ्या एका कामासाठी वेगळे क्रियापद राखणारी भाषा मला तरी आपलीच ठाऊक आहे. बडोद्याच्या कल्पतरूत कचेरीचे शब्द सुरक्षित राहिले. स्वयंपाकघरातल्या शब्दांना कोश पुरत नाही, त्यांना हात लागतो.

जपानी माणसाने आपली किसणी आणि आपला झरा सोडला नाही, म्हणून जगाला त्याचे नाव माहीत झाले. आपल्याला झराही लागत नाही. दोन चमचे सासवां, थंड पाणी आणि दहा मिनिटे एवढेच लागते. येत्या रविवारी करून पाहा, आणि घरातल्या मुलांना वाटी नाकाशी नेऊ द्या.