उल्हास खोऱ्यातील शॉकअप : दुरुस्तीकडून बदलीकडे

मोटारीचे चाक खड्ड्यात आदळले म्हणजे तो आघात प्रथम पोलादी पाटा किंवा गुंडाळीची स्प्रिंग झेलते, आणि धक्काशोषकाचे, म्हणजे गॅरेजात ज्याला सरसकट शॉकअप म्हणतात त्याचे, काम त्यानंतर सुरू होते. कारण दबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत करताना गाडीला पुन्हा पुन्हा उसळवते, आणि ही उसळी जिरवण्यासाठी शॉकअपच्या नळकांड्यातील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलतो, त्यामुळे गतीची उष्णता होते. दांड्याभोवतीचे सील निकामी होऊन तेल गळू लागले किंवा झडपा सैल झाल्या तरी गाडी रस्त्यात बंद पडत नाही. थांबण्याचे अंतर वाढते, टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसू लागते, मागे बसलेल्यांना मळमळते, आणि एवढे होऊनही मालक गाडी चालवत राहतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग शहरांत कुटुंबाच्या व्हॅनचा मागचा शॉकअप का झिजतो आणि तो दुरुस्त करण्याऐवजी बदलण्याची रीत कशी रूढ झाली, याचे उत्तर यंत्राच्या रचनेत जितके आहे तितकेच या शहरांच्या जडणघडणीतही आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील त्रुफो आणि अमेरिकेतील हार्टफर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा शोषक एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांचा होता, तर क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर यांच्या गेब्रिएल कंपनीने आधी मोटारीचे भोंगे विकले आणि पुढे पट्ट्याच्या साहाय्याने उसळी रोखणारे साधन बाजारात आणले. तेलाच्या विरोधावर चालणारे हूदाय पद्धतीचे शोषक १९२८च्या फोर्ड मॉडेल ए गाडीत दिसतात. आज परिचित असलेली, एका नळीत दुसरी सरकणारी लांबट रचना त्यानंतर रुळली आणि दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला ती बसवलेली असल्याने जगभरच्या लष्करी कारागिरांच्या हाताखालून गेली. वारंवार हादरे बसून तेलाला फेस येतो आणि शोषक तात्पुरता निकामी होतो, या अडचणीवर फ्रेंच अभियंता द कार्बों यांनी १९५३मध्ये दाबाखालील वायू भरलेल्या एकनळी शोषकाचा उपाय काढला. आजच्या बहुतेक गाड्यांत वायू भरलेले जे शॉकअप असतात त्यांचा उगम तेथे आहे.

या शहरांच्या उल्हास खोऱ्यात रस्त्याआधी रेल्वे आली. ठाणे ते कल्याण हा लोहमार्ग १ मे १८५४ रोजी खुला झाला आणि १८५६मध्ये तो बदलापूर, वांगणीवरून खोपोलीकडे गेला, त्यामुळे या पट्ट्यातील दळणवळणाचा कणा स्थानके ठरली आणि रस्त्यांचे काम स्थानकापासून वस्तीपर्यंत पोहोचवण्यापुरते उरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली. युद्धानंतर ओस पडलेल्या तिच्या बराकींत फाळणीमुळे निर्वासित झालेल्या सिंधी कुटुंबांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण उल्हासनगर असे झाले. आजही येथील पत्ते कॅम्प क्रमांक एक ते पाच असेच सांगितले जातात. सैनिकांची पायी ये-जा आणि लष्करी वाहनांची वर्दळ यांसाठी आखलेल्या या वसाहतीत पुढे दुकाने, घरे आणि कारखाने एकमेकांना खेटून उभे राहिले आणि रुंदीकरणाला जागाच उरली नाही, ही गोष्ट तेथील वाहनांच्या झिजेशी थेट निगडित आहे. अरुंद गल्लीत खड्डा चुकवायला गाडी बाजूला घेण्याची सोय नसते.

येथील उद्योजकतेची थट्टा करताना यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा विनोद महाराष्ट्रभर रूढ झाला. या विनोदात कुचेष्टा अधिक आहे आणि न्याय कमी, कारण एखादी वस्तू उघडून, समजून घेऊन, हाताशी असलेल्या साधनांनी पुन्हा बनवणे ही त्या निर्वासित पिढीची खरी भांडवली संपत्ती होती. शेजारच्या अंबरनाथला यंत्रकौशल्य वेगळ्या वाटेने आले. विम्को हा काड्यापेट्यांचा कारखाना तेथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होता, पुढे संरक्षण खात्याचे आयुध कारखाना आणि मशिन टूल प्रोटोटाइप हे कारखाने आले, आणि १९६२मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ज्या जागा आरंभी विकसित केल्या त्यांत अंबरनाथचा समावेश होता. लेथवर बुश कातून देणारा, दांडा घासूनपुसून पुन्हा बसवणारा कारागीर ज्या भागात सहज मिळतो तेथे सुटा भाग फेकून देण्याची सवय उशिरा लागते.

ती सवय उशिरा लागण्यामागे देशाचे आर्थिक धोरणही होते. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत सुरू केलेली मोटारजुळणी १९५४मध्ये बंद केली. परदेशी सुटे भाग महाग आणि दुर्मीळ झाले आणि रस्त्यावर राहिलेल्या जुन्या गाड्यांचे आयुष्य देशी कारागिरांच्या हाती आले. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून निघणाऱ्या फियाटच्या, म्हणजे पुढे पद्मिनी झालेल्या गाडीच्या, मागच्या आसाला पाटे होते आणि त्यांच्या जोडीला तेलाचे शॉकअप. १९६१मध्ये गेब्रिएल इंडिया ही कंपनी स्थापन होऊन मुलुंडला शॉकअप बनू लागले, म्हणजे ज्या मध्य रेल्वेने बदलापूरचा नोकरदार मुंबईला जात होता त्याच मार्गावर हा माल तयार होत होता. तरीही सील बदलणे, तेल भरणे, रबरी बुश नवे बसवणे हे काम चालूच राहिले. जोडणी जोवर खोलता येत होती तोवर दुरुस्तीला अर्थ होता; कडा दाबून किंवा वेल्डिंग करून नळकांडे कायमचे बंद करण्याची पद्धत सार्वत्रिक झाल्यावर ते काम संपले, कारण नळकांडे फोडून पुन्हा जोडलेल्या शॉकअपमधील दाब आणि झडपांची मापे मूळ स्थितीत राहतील याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते.

या बदलाच्या काळातच कुटुंबाची व्हॅन आली. त्याआधी पुण्याजवळच्या बजाज टेम्पोची मॅटडोर १९६९पासून होती, पण ती प्रवाशांपेक्षा धंद्याची गाडी होती. मारुतीची व्हॅन १९८४मध्ये निघाली, १९८८मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ घनसेंटिमीटरचे छोटे इंजिन पुढच्या आसनाखाली आणि मागे पाटे व शॉकअप अशी तिची रचना होती. लग्नाची वरात, शाळेची पोरे, दुकानाचा माल आणि रुग्णवाहिका ही सर्व कामे एकाच गाडीने केली. मागच्या शॉकअपवर येणारा ताण त्यामुळे रचनेच्या हिशेबापेक्षा वाढला, आणि पुढे स्वस्त इंधनासाठी मागे बसवलेल्या सीएनजीच्या जड पोलादी टाकीने त्यात कायमची भर घातली. २००० मध्ये क्वालिस, २०१०मध्ये ईको आणि २०१२मध्ये अर्टिगा या गाड्या येईपर्यंत मागच्या पाट्यांची जागा अनेक गाड्यांत गुंडाळीच्या स्प्रिंगांनी घेतली होती. याच काळात कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१मध्ये लाखाच्या आसपास होती ती २०११मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. लोकलने मुंबईला जाणाऱ्या कुटुंबालाही शाळा, दवाखाना आणि स्थानक गाठण्यासाठी गाडी लागू लागली, आणि कल्याण परिवहन कार्यालयाच्या एमएच ०५ या क्रमांकाच्या गाड्या या रस्त्यांवर दाटल्या.

मागचा शॉकअप बदलण्याचे काम समोरच्या मानाने सोपे आहे, कारण समोर स्प्रिंग आणि शोषक एकाच स्ट्रटमध्ये गुंफलेले असतात, तर मागे शॉकअप बहुधा वेगळा, वर गाडीच्या सांगाड्याला आणि खाली आसाला असा दोन टोकांना अडकवलेला असतो. काम सोपे असले तरी क्रमाला महत्त्व आहे. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवायची, आसाला खालून वेगळा आधार द्यायचा, मगच बोल्ट सोडायचा. हा आधार नसेल तर गुंडाळीची स्प्रिंग निसटते किंवा आस खाली लोंबून ब्रेकचा रबरी नळ ताणला जातो. नवा शॉकअप उभा धरून काही वेळा दाबून-सोडून आतील हवा काढावी लागते आणि रबरी बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकांवर गाडीचे वजन आल्यानंतर, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटते. जोडीतील एकच शॉकअप बदलणे ही खोटी काटकसर आहे. एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल झाली की वळणावर व ब्रेक लावताना गाडी एका अंगाला झुकते.

या खोऱ्यातील मेकॅनिकचा खरा शत्रू मात्र गंजलेला बोल्ट. उल्हास नदीच्या काठच्या या शहरांनी २६ जुलै २००५चा महापूर पाहिला आणि जुलै २०१९मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या खालच्या बोल्टाभोवती गाळ बसतो, आतला पोलादी बुश बोल्टाला चिकटतो आणि मेकॅनिकचे निम्मे काम भेदक तेल टाकून वाट पाहण्यात जाते. काँक्रीटच्या रस्त्यांनी खड्डे कमी केले, पण सांध्यांवरचे आणि गतिरोधकांवरचे हादरे वाढवले. हा बदल झिजेच्या बाबतीत सरसकट फायद्याचा ठरला असे म्हणणे घाईचे होईल.

या तिन्ही शहरांचा इतिहास सांगताना अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर, निर्वासितांची छावणी आणि कारखाने यांना स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. पण जुन्या गॅरेजांतील बिलांची पुस्तके, सुट्या भागांच्या किंमतसूच्या आणि पाटे-शॉकअपची दुरुस्ती केलेल्या कारागिरांच्या आठवणी ही त्याच इतिहासाची साधने आहेत. ती रद्दीत जाण्यापूर्वी स्थानिक ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जमवायला घ्यावीत.