थ्रेड : शिल्पातून खोडलेली, चांदीवर उरलेली सम्राज्ञी

रोममधील प्राचीन गुरांच्या बाजाराच्या जागी एक छोटी कमान आजही उभी आहे. इ. स. २०४ मध्ये सराफांनी आणि गुरांच्या व्यापाऱ्यांनी ती सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कुटुंबाला अर्पण केली. आतील एका शिल्पपटात सम्राटाचा मुलगा कॅराकॅला आहुती देताना दिसतो. त्याच्या शेजारची जागा मात्र छिन्नीने तासून सपाट केलेली आहे. तेथे त्याची पत्नी प्लॉटिला आणि सासरा प्लॉटियानस कोरलेले होते.

प्लॉटियानस प्रेटोरियन रक्षकदलाचा प्रमुख, सम्राटाच्या खालोखाल सत्ता असलेला माणूस. २०२ मध्ये त्याने मुलीचा विवाह कॅराकॅलाशी लावून दिला. नवरदेव अवघा चौदा वर्षांचा होता. हुंडा राजवाड्याकडे नेला जात असताना इतिहासकार डिओ कॅसियसने तो पाहिला होता. पन्नास राजस्त्रियांना पुरावा एवढा तो होता, असे तो लिहितो.

टांकसाळही लगेच कामाला लागली. प्लॉटिलाच्या चांदीच्या दिनारियसवर एका बाजूला तिचा चेहरा आणि ‘ऑगस्टा’ ही पदवी आहे. मागील बाजूस पती-पत्नी हातात हात घेऊन उभे आहेत आणि भोवती लेख आहे : ‘कॉन्कॉर्डिए एटेर्ने’, म्हणजे शाश्वत ऐक्यास. दुसऱ्या एका प्रकारावर तेच जोडपे आणि ‘प्रोपागो इम्पेरी’, राजवंशाच्या वृद्धीची ग्वाही. प्रत्यक्षात कॅराकॅला तिच्यासोबत जेवायलाही तयार नव्हता, असे हेरोडियन सांगतो. नाणे राज्याला हवे तेच बोलते, हे येथे फारच उघडपणे दिसते.

हे शाश्वत ऐक्य तीन वर्षेही टिकले नाही. जानेवारी २०५ मध्ये प्लॉटियानस राजवाड्यात मारला गेला. प्लॉटिलाची रवानगी लिपारी बेटावर झाली. २११ मध्ये सेव्हेरस वारला आणि त्यानंतर कॅराकॅलाने तिलाही मारविले.

शिल्पे खोडली, शिलालेखांतील नावे घासली. आशिया मायनरमधील स्ट्रॅटोनिकेया नगराच्या काही ब्राँझ नाण्यांवरही तिचा चेहरा खोडलेला सापडतो. पण साम्राज्यभर सैनिकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या थैल्यांत पोहोचलेली चांदी एकेक करून गोळा कोण करणार? ती फिरतच राहिली.

म्हणूनच आज सेव्हेरन घराण्यातील स्त्रियांची नाणी जमविणाऱ्या संग्राहकाला प्लॉटिला दुर्लभ नाही. अर्थात सासू ज्युलिया डोम्नाची नाणी कितीतरी अधिक मिळतात. तिच्या नावाने ती दोन दशकांहून अधिक काळ पाडली गेली. प्लॉटिलाच्या वाट्याला जेमतेम तीन वर्षे आली, तरी तेवढ्यातही तिची केशरचना बदलते आणि तिच्यावरून नाण्यांचा क्रम लावता येतो.

मात्र बाजारात सुटे विकले जाणारे नाणे एवढेच सांगू शकते. ते किती काळ वापरात होते, हे कळते ते एकत्र पुरलेल्या नाण्यांच्या साठ्यावरून. आणि साठा फुटून विकला गेला की हा पुरावा कायमचा जातो. १९२९ साली बल्गेरियातील देवन्या येथे सापडलेल्या साठ्यातील ८१,००० हून अधिक नाण्यांची सुदैवाने नोंद झाली. त्यात प्लॉटिलाही आहे, आणि त्याच साठ्यातील सर्वांत उशिराची नाणी २५० च्या सुमाराची आहेत. तिला खोडण्याचा हुकूम निघून तोवर चार दशके उलटली होती.