समोरची काच घासावी की बदलावी? बोरीवलीची धूळ, तळेगावचे कंदील आणि त्रावणकोरची वाळू

पावसाळ्यातील रात्र. बोरीवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी पश्चिम द्रुतगती महामार्गावरील वाहने मंदावली आहेत. वायपर एकदा फिरतो आणि पुढच्या प्रत्येक दिव्याभोवती केसाहून बारीक रेषांचे कोळिष्टक उमटते. दुपारी हीच काच निर्मळ दिसत होती. गॅरेजमधला कारागीर म्हणतो, ‘पावडर लावून घासून देतो.’ काचेचा दुकानदार म्हणतो, ‘काचच बदला.’ दोघांच्याही म्हणण्यामागे काचेचा काही शतकांचा इतिहास उभा आहे. फक्त तो एकाच काळातला नाही.

आधी हे चरे येतात कोठून, ते पाहू. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची मोहस यांची श्रेणी १८१२ सालची. तिच्यात साधी काच सुमारे साडेपाचवर बसते, फेल्डस्पार सहावर आणि गारगोटीचे क्वार्ट्झ सातवर. मुंबईचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्याचा एक मुख्य घटक म्हणजे फेल्डस्पार. उपनगरांतील खाणींनी या शहराला दगड पुरवला. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आहे आणि मालाडचा पिवळसर दगडही आहे. १ फेब्रुवारी १९५७ रोजी बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली, बोरीवली महापालिकेत आली आणि बांधकाम येथे कायमचे वस्तीला आले. अलीकडची उदाहरणे सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहेत: महामार्गावरील मेट्रो ७, जिचा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला सुरू झाला, आणि उद्यानाच्या पोटातून जाणारा बोरीवली-ठाणे जुळा बोगदा. या सगळ्याची भुकटी काचेवर बसते. कोरड्या काचेवर वायपर फिरला की रबराखाली अडकलेला कण काचेवर रेघ ओढतो. रबर निर्दोष असते. ते केवळ त्या कणाचे वाहन होते.

वायपरचे पहिले उपयुक्त पेटंट अमेरिकेत मेरी अँडरसन या स्त्रीला १० नोव्हेंबर १९०३ रोजी मिळाले. काचेच्या दुसऱ्या एका कथेचा आरंभही १९०३ चाच आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आता कारागिराची बाजू. काच घासून तिचा चरा काढणे ही मुळात दुरुस्तीची युक्ती नव्हे; सपाट, आरपार दिसणारी काच तयारच तशी होत असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये वितळलेली काच लोखंडी मेजावर ओतून रूळ फिरवण्याची पद्धत रुळली. थंड झालेला तो पत्रा खडबडीत आणि अर्धपारदर्शक असे. मग वाळू, कुरुंदाची भुकटी आणि शेवटी लोखंडाच्या ऑक्साइडची तांबडी बुकी वापरून दोन्ही बाजू दिवसचे दिवस घासाव्या लागत. आरशांची आणि पुढे मोटारींची उत्तम काच याच मार्गाने आली. आरंभीच्या मोटारींची पुढची काच जाड आणि सपाट होती. तिच्यावर चरा पडला तर ती पुन्हा घासणे म्हणजे कारखान्यातील शेवटची पायरी दुसऱ्यांदा चढणे एवढेच होते. त्यात काहीही गैर नव्हते.

महाराष्ट्रात तेव्हा काच होत नव्हती असे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे पहिले तंत्रज्ञ-संचालक. १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीचा कारखाना निघाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. स्वदेशीच्या इतिहासात या दोन्ही ठिकाणांना मानाचे पान आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचे कौशल्य फुंकीच्या आणि साच्याच्या काचेचे: चिमण्या, बाटल्या, बरण्या. मोटारीला लागणारी घासून पॉलिश केलेली सपाट काच हे वेगळे शास्त्र होते, त्याला वेगळी यंत्रे आणि प्रचंड भांडवल लागे. कंदिलात स्वयंपूर्ण झालेला प्रदेश मोटारीच्या काचेबाबत दीर्घकाळ परावलंबी राहिला, तो यामुळे.

त्या परावलंबनातून सवय घडली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर काढली. पुढे फियाटशी सहकार्य झाले आणि १९७० च्या दशकात त्याच घराण्यातील गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. परवाना-राज्याच्या काळात नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. गाडी टिकवणे हाच शहाणपणा होता, आणि तिचा प्रत्येक भाग घासून, ठोकून, शिवून चालवला जाई. पद्मिनीची पुढची काच रबरी पट्टीत बसवलेली असे. पट्टीच्या खाचेत दोरी घालायची, काच बाहेरून दाबून धरायची आणि आतून दोरी ओढत जायची. रबराची कड पत्र्यावर उलटते आणि काच जागेवर बसते. दोन माणसांचे, थोड्या वेळाचे काम. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. २० वर्षांची मुदत संपून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. दोरी ओढण्याची कला तिच्यासोबत बरीचशी निरुपयोगी झाली.

आता १९०३ ची दुसरी कथा. पॅरिसमध्ये एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून प्रयोगशाळेतील चंबू पडला. तडकला, पण विखुरला नाही. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. कथा स्वतः संशोधकाने रंगवली असण्याचा संभव आहे, परंतु १९०९ चे पेटंट खरे आहे: दोन काचा, मध्ये चिकट थर. पहिल्या महायुद्धात हे तंत्र विषारी वायूच्या मुखवट्यांच्या डोळ्यांपुढे बसले आणि १९२० च्या दशकात मोटारींत आले. जुना थर उन्हाने पिवळा पडे. १९३० च्या दशकात पीव्हीबी हे नवे प्लॅस्टिक आले आणि तो प्रश्न मिटला. दुसरा पर्याय होता तापवून झटक्यात थंड केलेल्या ‘टफन्ड’ काचेचा. ती फुटली की एका क्षणात संपूर्ण दाणेदार आणि पांढरी होते. धावत्या गाडीच्या चालकाला पुढचे काही दिसेनासे होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १००व्या नियमात १९९३ साली दुरुस्ती झाली आणि तीन वर्षांच्या मुदतीनंतर बनणाऱ्या गाड्यांची पुढची काच लॅमिनेटेडच असावी, असे ठरले.

या बदलाने घासण्याचा जुना हिशेब मोडला. लॅमिनेटेड काचेचा बाहेरचा थर साधारण २ मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वक्र. शिवाय १९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने ‘फ्लोट’ पद्धत जाहीर केली होती. तिच्यात वितळलेल्या कथिलावर तरंगत काच आपोआप सपाट आणि चकचकीत होते. घासण्याची पायरीच उरत नाही. १९९० च्या दशकात मुंबईशेजारी तळोजे येथेही फ्लोट काच तयार होऊ लागली. म्हणजे आजच्या काचेवर घासकाम करणारा कारागीर कारखान्याची पायरी पुन्हा चढत नाही. कारखान्याने कधीच न केलेले काम तो करतो.

त्याच्या हातातील पावडरही इतिहासातूनच आली आहे. ती सिरियम ऑक्साइड. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिने तांबड्या बुकीला मागे टाकले, कारण ती काच केवळ खरवडत नाही. पाण्यासोबत काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया करून तो भराभर गुळगुळीत करते. सिरियम मिळते मोनाझाइटमधून. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत हे खनिज असल्याचे १९०९ मध्ये एका जर्मन रसायनतज्ज्ञाच्या ध्यानी आले. स्वातंत्र्यानंतर अणुऊर्जेसाठी त्यातील थोरियम महत्त्वाचे ठरले. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था स्थापन झाली, १९५२ मध्ये आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला, आणि तुर्भ्यात थोरियमवर प्रक्रिया होऊ लागली. थोरियम काढून घेतल्यावर उरणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंत जवळपास निम्मा वाटा सिरियमचा असतो. अणुयुगाचा हा सांडवा काचेला चकाकी देतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

मग घासावी की बदलावी? नख फिरवले आणि अडकले नाही, तर तो चरा उथळ. फेल्टची चकती, भरपूर पाणी आणि संयम यांनी तो जाऊ शकतो. नख अडकले तर चऱ्याच्या तळापर्यंत भोवतालची काच उतरवावी लागते. तेथे उथळ खळगा तयार होतो आणि तो भिंगासारखा वागतो: रेघ जाते, पण तिच्यामागचा रस्ता लाटेसारखा हलतो. घाई केली तर उष्णतेने काच तडकते. कडेच्या कोपऱ्यात हे चालून जाईल, चालकाच्या नजरेसमोर मुळीच नाही. येथे दुकानदाराचे म्हणणे खरे ठरते. मात्र बदलणेही आता दोरीचे काम राहिलेले नाही. नव्या गाड्यांत काच युरेथेनच्या डिंकाने पत्र्याला चिकटवलेली असते, छताच्या मजबुतीत आणि कित्येक गाड्यांत एअरबॅगच्या आधारातही तिचा वाटा असतो. डिंक वाळण्याआधी गाडी हलवणारा दुकानदार घासणाऱ्याहून अधिक धोका निर्माण करतो.

बारीक चरा मात्र कागदांच्या नजरेतून निसटतो. नियमातील अट समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा ही. तिच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. चरे पडलेल्या काचेतूनही प्रकाश पुरेसा जातो, फक्त विखुरतो, आणि तो आकडा विखुरण्याबद्दल काही सांगत नाही. विम्याचेही तसेच. २००२ च्या मोटार टॅरिफने काचेच्या भागांवर घसारा शून्य ठेवला, रबर आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के. दगड लागून काच फुटली तर भरपाई उदार असते. चरा मात्र ‘झीज’ ठरतो आणि झीज पॉलिसीबाहेर असते. दावा केला तर नो क्लेम बोनसही जातो, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. म्हणून बोरीवलीतील कितीतरी काचा घासल्याही जात नाहीत आणि बदलल्याही जात नाहीत. पुढच्या पावसाळ्यात वायपर पुन्हा त्याच रेषांवरून फिरतो.