नायगावचा सोंगाड्या

८ ऑगस्ट १९३२ रोजी नायगावात एका गिरणी-कामगाराच्या घरी कृष्णा कोंडके यांचा जन्म झाला. पुढे अवघा महाराष्ट्र त्यांस ‘दादा’ म्हणू लागला. अपना बाजारात त्यांनी नोकरी धरली खरी. पण जीव रमला तो बँडच्या वाद्यांत आणि सेवा दलाच्या कलापथकात. ज्या तमाशाच्या ढंगाकडे पांढरपेशे नाक मुरडीत, त्यावरच दादांनी पोटाची भिस्त ठेविली. ही जोखीम लहान नव्हे! १९६५ साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले. दादांच्या हजरजबाबीपणामुळे तेच लोकनाट्य प्रयोगागणिक नवे भासे. भालजी पेंढारकरांनी १९६९च्या ‘तांबडी माती’त त्यांस पडद्यावर आणिले. १९७१च्या ‘सोंगाड्या’चे निर्माते मात्र दादा स्वतःच होते.