पुरावा कुणाचा, फायदा कुणाचा?

मार्च 2015 अखेरची गोष्ट. माजलगावात आमच्या स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तंबाखू मळता मळता पेपरातली बातमी वाचून दाखवली. तंबाखूने कॅन्सर होतो असे सांगणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतात तसे संशोधन झालेले नाही, असे अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले होते. "बघा सर, उगाच घाबरवता आम्हाला," म्हणत त्यांनी चिमूट दाढेखाली ठेवली. आर. आर. आबांना तोंडाच्या कॅन्सरने जाऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. तरीही मला उत्तर देता आले नाही. मग मी शोधू लागलो.

गांधी तेव्हा सरकारी नियमांची छाननी करणाऱ्या लोकसभेच्या समितीचे अध्यक्ष होते. तंबाखूच्या पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशारा छापण्याचा नियम 1 एप्रिलपासून लागू व्हायचा होता. समितीने तो थांबवायला सांगितला. याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते. त्यांचा स्वतःचा बिडीचा मोठा धंदा होता. नियम वर्षभर लांबला.

आणि भारतीय पुरावा? तो 60 वर्षांपूर्वीच मुंबईत तयार झाला होता. संघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू खाणे, ओढणे आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंध 1955 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. पुढे 2008 मध्ये भारतातल्या 11 लाख घरांच्या पाहणीवर आधारित अभ्यास आला. धूम्रपानामुळे देशात वर्षाला सुमारे 10 लाख मृत्यू होतील, असा त्याचा अंदाज होता.

शंका पेरण्याची ही रीत जुनी आहे. 1954 च्या जानेवारीत अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन पुरावा पक्का नसल्याचे सांगितले. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाने सिगारेट आणि कॅन्सरच्या संबंधावर आक्षेप घेतले. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते. उलट रिचर्ड डॉल यांनी स्वतःच्याच अभ्यासाचे आकडे पाहून सिगारेट सोडली.

म्हणजे ज्याचा फायदा आहे तो खोटाच बोलतो का? तसे नाही. फिशर यांचे आक्षेप आकड्यांनीच तपासावे लागले, आणि त्या तपासणीत ते टिकले नाहीत. सोलापूर, सिन्नरच्या बिडी वळणाऱ्या बायांची रोजीरोटी हाही खरा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर त्यांना दुसरे काम मिळवून देणे हे आहे. त्यांच्या नावावर कॅन्सरचा पुरावा नाकारणे हे उत्तर नव्हे.

उर्दूच्या तासाला मी मुलांना 'रावी' हा शब्द शिकवतो. रावी म्हणजे हकीकत सांगणारा. हकीकत ऐकताना रावी कोण आहे, हे आधी विचारा, असे मी सांगतो. आता त्यात एक भर घालतो: रावी कळला म्हणून थांबू नका, त्याची गोष्ट तपासा.

85 टक्क्यांचा इशारा अखेर 1 एप्रिल 2016 पासून लागू झाला. आमचे ते सहकारी आता निवृत्त आहेत. त्यांचे तोंड दोन बोटांपुरतेच उघडते. परवा भेटले, तेव्हा त्या बातमीचा विषय त्यांनीच काढला. मला मात्र एकच रुखरुख आहे. खानोलकरांचे नाव त्या दिवशी मला माहीत असायला हवे होते.