अर्जामागचे घर

दहावी-बारावीचे निकाल हाती पडले, की आपल्या धर्मग्रामांतील पालकांची पावले तहसीलदार कचेरीकडे वळू लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत. एकेका कागदासाठी चार-चार खेपा. ही धावपळ अगदी आजची आहे असे आपण समजतो. वास्तविक उच्च शिक्षणासाठी मदत मागण्याच्या या रीतीला आपल्या प्रांतात सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस येते. मदत कधीच विनाअट नव्हती, आणि ती मिळाली ती बहुधा अशा घराला, जे मागण्याच्या कितीतरी आधीपासून तयारीला लागले होते.

प्रारंभ जमशेटजी टाटांपासून करू. परदेशी जाऊन उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या हिंदी तरुणांसाठी त्यांनी १८९२ साली जो निधी उभारला, तो दानधर्म नव्हता. तो कर्जाऊ होता. शिकावे, मिळवते व्हावे आणि घेतलेली रक्कम परत करावी, म्हणजे तीच पुढच्याच्या उपयोगी पडेल, अशी त्यामागील योजना. तेव्हा घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारणच उरले नाही. मदतीचा अर्ज करताना आजही आमच्या काही कुटुंबांना जो संकोच वाटतो, तो टाटांनी त्या काळीच निकालात काढला होता असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या शिष्यवृत्तीपूर्वी त्या घरात काय घडत होते, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी बिऱ्हाड मुंबईस परळला हलवले. मुलाने एखादे पुस्तक मागितले आणि हातात पैसा नसला, तर ते विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक घेत, आणि निवृत्तिवेतन आले की दागिना सोडवून परत करीत. आर्थिक साहाय्याचा पहिला अर्ज या घरात असा लेकीच्या दारात झाला होता, आणि तो लेखी नव्हता.

दुसरा दुवा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींचा. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हाच्या सत्कारसभेत केळूसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाविद्यालयाचा खर्च झेपेनासा झाला, तेव्हा याच गुरुजींनी सयाजीरावांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. आजच्या भाषेत याला शिफारसपत्र म्हणतात. अशी शिफारस ऐन वेळी मागून मिळत नाही. शिक्षकाने मुलाला काही वर्षे पाहिलेले असावे लागते.

१९१२ साली भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी जून महिन्यात, अमेरिकेला जाण्यापूर्वी, भीमरावांनी बडोदे संस्थानाशी करार केला: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळतील, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी लागेल. दहा वर्षे! पंचवीस वर्षांच्याही आतल्या, नुकतेच पितृछत्र हरपलेल्या तरुणाने ही अट वाचून, समजून सही केली. मुदतीचे बंधनही खरे निघाले. लंडनमधील अभ्यास अर्धा असतानाच शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत ते मुंबईस आले. घेणाऱ्याने आपली अट पाळली. समाजाने मात्र त्याला ती पाळू दिली नाही. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठवलेले पैसे, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य एवढ्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एका शिष्यवृत्तीवर सारे शिक्षण पार पडत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. कर्मवीरांच्या मुष्टिफंडात घरोघरच्या बाया दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढीत, आणि मुले स्वतः कष्ट करून शिकत. देणारे आणि घेणारे यांच्यातील अंतर इथे जवळजवळ मिटले होते.

मग आले १९५९ साल. यशवंतराव चव्हाण तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न ९०० रुपयांच्या आत, त्यांच्या मुलांचे शिक्षण शुल्क माफ, असा निर्णय झाला. ही मर्यादा पुढे १,२०० रुपयांवर नेण्यात आली. जुन्या पिढीला ही सवलत ‘ई. बी. सी.’ या तीन अक्षरांनी ठाऊक आहे. तिच्यामुळे कितीतरी खेडुतांची मुले महाविद्यालयाची पायरी चढली. आमच्या मते या निर्णयाचा आणखी एक परिणाम झाला, तो असा की घराचे उत्पन्न हा आकडा शिक्षणाच्या दारात येऊन उभा राहिला. पगारदाराला तो सांगणे सोपे. पण ज्याचे पोट केळीच्या वाडीवर, पानमळ्यावर किंवा होडीवर चालते, त्याने वर्षाचा आकडा कुठून आणायचा? तिथे सात-बाराचा उतारा, तलाठ्याचा अहवाल आणि अखेर तहसीलदाराचा दाखला, ही साखळी आली. खर्च-जमेची साधी वही जो शेतकरी ठेवतो, त्याला तलाठ्यासमोर अडखळावे लागत नाही. बाकीचे अंदाज सांगतात. काहीजण तर मध्यस्थाला पैसे देऊन कमी उत्पन्नाचा दाखला काढतात. त्यांच्याविषयी एवढेच म्हणतो, की ज्याचे उत्पन्न खरोखरच कमी आहे त्या शेजाऱ्याच्या मुलाच्या ताटातले ते उचलतात.

या साखळीला पुढे बरेच फाटे फुटले. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानंतर केंद्राने अल्पसंख्याकांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्यांत ख्रिस्ती विद्यार्थीही होते. त्यांपैकी पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली, आणि गतवर्षीच्या माहितीवर विसंबलेली घरे चुकली. राज्यात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा २०१७ साली आठ लाख झाली. जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासननिर्णय निघाला. इथेही अट आहेच: प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घाईने जागा घेतली, तर ही माफी हातची जाते. एवढी एक ओळ आधी न वाचल्यामुळे चार वर्षांचा खर्च अंगावर पडू शकतो.

कर्जाचे म्हणाल, तर आपल्याला ते नवे नाही. मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली वसईत जी कॅथोलिक पतसंस्था निघाली, तिचीच पुढे बँक झाली. शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना भारतीय बँकांनी २००१ साली आखली. तीत आई किंवा वडील सहकर्जदार असतात, म्हणून हप्ता किती व कधीपासून, हे मुलासमवेत बसून सही करण्यापूर्वी बोलून घ्यावे.

राहता राहिला नावाचा प्रश्न. हा खास आपल्या समाजाचा आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक नाव, शाळेच्या पटावर दुसरे, आधारपत्रावर तिसरेच. एकच आडनाव कुठे रॉड्रिग्ज, कुठे रॉड्रिक्स, कुठे रॉड्रीग. आजोबांनी एक लिहिले, मुख्याध्यापकांनी दुसरे. पोर्तुगीज धर्मगुरूंनी दिलेल्या या नावांनी चार शतके काही बिघडवले नव्हते. संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसे वाटतात, आणि मंजूर झालेली रक्कम खात्यात पोहोचत नाही. शाळा सोडल्यानंतर पटावरील नाव बदलणे फार जिकिरीचे होते. राजपत्रापर्यंत जावे लागते. म्हणून मूल आठवीत आले, की तिन्ही कागद एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवावेत आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. बाप्तिस्म्याचा उतारा लागल्यास धर्मग्रामाच्या कार्यालयातून मागून घ्यावा. मात्र तो मागायला जूनमधल्या अखेरच्या दिवशी येऊ नये.